पॅकेजमध्ये नसलेलं जेवण

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या काकांच्या नाकातून चहा आला, आणि सोफ्याच्या कव्हरावर पडलेल्या त्या डागाबद्दल त्यांच्या घरी अजून मलाच बोल लावतात. हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा. माझी सख्खी बायको इतकी वर्षं हसतेय, तर तुम्ही तरी का मागे राहायचं?

तर मंडळी, मी एका परक्या माणसाच्या घरात शिरलो, त्याचा बोकड खाल्ला, त्याच्या बैठकीत घोरत पडलो, आणि वर त्यालाच सेवा कशी सुधारावी यावर दोन शब्दही ऐकवले. चोरून नाही हं! दिवसाढवळ्या. बायकोसकट.

दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. मस्कतमध्ये अल् घुब्राला आमचा भाड्याचा फ्लॅट. मी एसी मेन्टेनन्सचा सुपरवायझर. हाताखाली चौदा माणसं, आणि घरी आणखी एक, असा माझा त्या काळी समज होता. ती एक म्हणजे नीलिमा, माझी बायको. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. बोलते कमी, बघते जास्त.

लग्न झाल्यापासून दहा वर्षांत आम्ही दोघं कुठेही फिरायला गेलो नव्हतो. कसे जाणार? दर सुट्टीला गुहागर. एका सुट्टीत बहिणीचं लग्न, एका सुट्टीत घराची कौलं, एकदा भाच्याची मुंज, आणि गणपती तर चुकवायचाच नाही. मी दर वर्षी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की, फक्त आपण दोघं." ती दर वर्षी "बरं" म्हणायची. दहाव्या वर्षी ती "बरं" पण म्हणाली नाही. नुसती माझ्याकडे बघून भाजी निवडत बसली. 

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट गेलो आणि मुसंदमचं पॅकेज बुक करून आलो. तीन दिवस, दोन रात्री. एक दिवस डोंगर, एक दिवस समुद्र, सोबत गाइड. मुसंदम म्हणजे ओमानचं पार उत्तरेचं टोक. नकाशा काढून बघा, मधे दुसराच देश आणि त्याच्यापलीकडे ओमानचा हा तुटलेला तुकडा. नुसते उघडेबोडके कडे, त्यांच्यामध्ये आत शिरलेला समुद्र, आणि माणूस औषधालाही नाही.

"तू ह्या वेळी काडीही उचलायची नाहीस," मी नीलिमाला म्हणालो. "डबा नाही, बॅग नाही, तिकिटं नाहीत. सगळं मी बघतो."

"अहो, तुम्ही 'मी बघतो' म्हणालात ना, की मला धडकी भरते," ती म्हणाली. पण हसत होती. मुलांना मस्कतजवळच सीबला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि एका छोट्याशा विमानाने आम्ही मुसंदमच्या मुख्य गावी, खसबला उतरलो.

पहिला दिवस डोंगराचा. आमचा गाइड बदर, पंचविशीतला गोड पोरगा, इंग्लिश अगदी फाडफाड. त्याने आम्हाला मोठ्या गाडीतून जबल हरीमच्या माथ्यापर्यंत नेलं. वर दगडांत मासे! म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशांचे ठसे. नीलिमा गुडघ्यांवर बसून त्या दगडांवरून बोट फिरवत होती, आणि मी बदरला उतारावर गाडी कुठल्या गिअरला टाकावी ते समजावत होतो. सुपरवायझर आहे ना! सवय जात नाही.

संध्याकाळी हॉटेलवर सोडताना बदर म्हणाला, "सर, उद्या साडेआठला लॉबीत या. मी घ्यायला येतो. नऊला बोट सुटेल. बारा जणांचा ग्रूप आहे, गालिचे अंथरलेलं मोठं गलबत आहे, आरामात बसा."

बारा जण! हे ऐकलं आणि माझ्यातला एसटीचा प्रवासी जागा झाला. बारा जण म्हणजे सावलीची जागा फार तर चार जणांना. आता तुम्हीच सांगा, गुहागर-चिपळूण गाडीत खिडकीतून रुमाल टाकून लहानाचा मोठा झालेला माणूस साडेआठपर्यंत लॉबीत बसून राहील का?

सकाळी सातला मी नीलिमाला उठवलं. "चल, जेट्टीवर जाऊ. जागा धरू."

"अहो, बदर येणार आहे ना?"

"बदर येईल त्याच्या वेळेने. सावलीची जागा जाईल. मी बघतो!"

रिसेप्शनवर निरोप ठेवला, टॅक्सी केली आणि जेट्टीवर पोचलो. बोटीच बोटी! पण मी काही खुळा नव्हतो. मला हवं होतं गालिच्यांचं गलबत, आणि अगदी समोर एक लाकडी गलबत होतं ज्यात गालिचे होते! नवेकोरे, लाल. शिवाय उशा, लोड. बाजूला पिठाची पोती, कांद्याची पोती, एक गॅस सिलिंडर आणि दोन बोकड.

"बोकड कशाला?" नीलिमाने विचारलं.

"वातावरणनिर्मिती," मी म्हणालो. "गोऱ्या लोकांना असं अस्सल गावठी लागतं."

गालिच्यांच्या अजून गुंडाळ्या होत्या, वर प्लॅस्टिक. म्हटलं, काय हा स्टाफ, अजून तयारी नाही! मी स्वतः चढलो, प्लॅस्टिक फाडलं, एक गालिचा सावलीच्या बाजूला अंथरला आणि नीलिमाला बसवलं. आणि पुढे ऊन फिरलं तर, म्हणून दुसऱ्या बाजूलाही माझा रुमाल टाकून ठेवला.

बोटीवर पांढऱ्या दिशदाशातला, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्यातला, चाळिशीचा एक माणूस उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, फाडलेल्या प्लॅस्टिककडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "अहलन व सहलन," आणि एक लोड उचलून माझ्या पाठीशी लावला. नाव सांगितलं खमीस. हिंदी बऱ्यापैकी येत होती, लष्कराच्या कॅम्पात आपल्या लोकांबरोबर काम केलेलं.

"सर्व्हिस चांगली आहे," मी नीलिमाच्या कानात म्हणालो.

थोड्या वेळाने एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आले. रुमाल टाकलेल्या जागेकडे आले, खाली बघितलं, रुमालाला वळसा घातला आणि कांद्याच्या पोत्यावर जाऊन बसले. मी त्यांना मान हलवून थँक्यू म्हटलं. शिस्तीचा माणूस, मला आवडला.

आठच्या आधीच बोट सुटली.

"अहो, बदर? बाकीचे दहा जण?"

"चुकली असणार त्यांची. बघितलंस? म्हणून वेळेआधी यायचं असतं."

मग मी कामाला लागलो. "खमीसभाई, लाइफ जॅकेट किधर है? सेफ्टी फर्स्ट!" खमीस विचारात पडला. शोधून शोधून त्याने डिझेलचा एक रिकामा डबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ये पकड़ो, डूबेगा नहीं." मी तो पुढचे दोन तास मांडीवर धरून बसलो होतो, बोकडाच्या शेजारी. तो फोटो नीलिमाने काढलाय. बघायचा असेल तर तिच्याकडे मागा, मी देणार नाही.

तासाभराने मी घड्याळ बघितलं. "डॉल्फिन कितने बजे है?"

"डॉल्फिन?"

"हाँ हाँ, डॉल्फिन! प्रोग्राममें है ना!"

खमीस आजोबांकडे गेला, त्यांच्या कुठल्याशा भाषेत बोलला. अरबी नव्हती ती, फारसीही नव्हती, काही वेगळंच. आजोबांनी कपाळावर हात धरून समुद्राकडे बघितलं, बोटाने एक दिशा दाखवली, आणि काय सांगू, सबंध गलबत वळलं! कड्यांच्या मधल्या एका अरुंद खाडीत आम्ही शिरलो. पाणी हिरवंगार, वाऱ्याचा आवाजसुद्धा नाही. आजोबांनी फळीवर हाताने ठक-ठक-ठक केलं.

आणि आले! एक नाही, दोन नाही, सात-आठ डॉल्फिन! बोटीच्या अगदी नाकासमोर उड्या. नीलिमा उभी राहिली, ओढणी उडतेय, भान नाही, लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवतेय. दहा वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. पण सुपरवायझर डोळे पुसत नाही. मी खमीसला अंगठा दाखवला आणि म्हटलं, "गुड. टाइमपे आया."

पुढे तासाभराने एक गाव आलं. तिन्ही बाजूंना कडे, चौथीकडे समुद्र, मधे एकमेकांना चिकटलेली घरं. कुमझार. तिथे रस्ता जातच नाही, बोटीनेच जायचं. किनाऱ्यावर ही गर्दी! बायका, पोरं, म्हातारे.

"स्वागत पण आहे पॅकेजमध्ये," मी म्हणालो आणि सगळ्यांना हात केला. सगळ्यांनी मला हात केला.

नीलिमा माझ्याकडे बघत राहिली. "अहो, हे लोक पोती उतरवायला आलेत."

"दोन्ही कामं करतात बिचारे. स्टाफ कमी असेल."

खमीस आम्हाला घरी घेऊन गेला. दारातून नीलिमाला बायका आत घेऊन गेल्या, मी पुरुषांच्या बैठकीत. आधी खजूर, मग कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, मग हलवा, परत कावा. आता ऐका, दहा वर्षं ओमानात राहिलो, पण ओमानी घराच्या उंबऱ्याच्या आत मी तोपर्यंत कधी पाऊल टाकलं नव्हतं. कंपनी, फ्लॅट, मंडळाचा गणपती आणि शुक्रवारी भाजी, एवढंच आमचं ओमान. त्यामुळे पाहुण्याला घरात काय वागणूक मिळते हे मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं फक्त पॅकेज.

जेवण आलं. माझ्याच्याने वर्णन होणार नाही! परातीएवढ्या ताटात भात, त्यावर मटण, बाजूला आख्खी भाजलेली सुरमई. पाच-सहा जण भोवती बसलो. सगळे चांगले तुकडे तोडून तोडून माझ्यापुढे. मी सुरमईच्या मानेला दाबून बघितलं. ताजी! गुहागरच्या माणसाला सुरमईत फसवता येत नाही.

"खाना फर्स्ट क्लास," मी खमीसला म्हणालो. "पण एक सजेशन. इंडियन ग्रूप आएगा तो थोडा तीखा करो. और साथमें सोलकढी रखो. नारियलका दूध और कोकम. लिख लो."

खमीसने मान डोलावली. लिहिलं नाही, पण डोलावली. आजोबा, म्हणजे खमीसचे वडील, काहीतरी म्हणाले. खमीस म्हणाला, "वालिद बोलते हैं, और खाओ."

मी आणखी खाल्लं. हात धुवायला बाहेर गेलो तेव्हा अंगणात एकच बोकड बांधलेला दिसला. दुसऱ्याचं काय झालं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं पोट भरलेलं होतं.

परत येऊन लोडाला टेकतोय तोच एक म्हातारा गृहस्थ माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसला. सलाम केला. आणि मग त्याने माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. चांगली लांब!

आता अशा वेळी माणसाने काय करायचं? जगाच्या पाठीवर कुठेतरी जीभ दाखवून स्वागत करतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हटलं, ही ह्यांची पद्धत असणार, मान राखला पाहिजे. मी पण जीभ काढली. त्याच्यापेक्षा लांब. दोघं असे समोरासमोर बसलोय! त्याने जरा वेळ माझी जीभ बघितली, मग गंभीर चेहऱ्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि उठून गेला. लगेच एक आजी आल्या आणि त्यांनी गुडघा दाखवला. मी पण माझा गुडघा दाखवला. त्या तर घाबरूनच गेल्या.

"आराम का टाइम है ना?" मी खमीसला विचारलं. "चार बजे उठाना." आणि आडवा झालो. त्यांच्या बैठकीत, त्यांच्या लोडावर, पंख्याखाली. मी घोरतो हे आमच्या बिल्डिंगला माहीत आहे. त्या दिवशी कुमझारलाही कळलं.

चारला मला आजोबांनी स्वतः उठवलं. चहा दिला. मी घड्याळ बघितलं. "चलो, वापसी कितने बजे है?"

"वापसी?" खमीस म्हणाला. "कल, परसों, जब आपका दिल चाहे. आपका घर है."

"नहीं नहीं, परसों कैसे? आज रातका डिनर हॉटेलमें है. बदरको पूछो!"

"बदर कौन?"

"बदर! तुम्हारा गाइड!"

 खमीसने वडिलांकडे बघितलं. आजोबा सावकाश काहीतरी बोलले. खमीस छातीवर हात ठेवून, अगदी संकोचून म्हणाला, "माफ करना. हमारा कायदा है, मेहमान घर आए तो तीन दिन नहीं पूछते, कौन है, क्यों आया. ऐब है. लेकिन आप खुद जाने की बात किया, तो वालिद पूछते हैं… आप लोग कौन हैं?"

मंडळी, एसीचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर जशी खोली एकदम गप्प होते ना, तसं झालं माझ्या डोक्यात. आणि मग एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसायला लागली. गालिचे. फाडलेलं प्लॅस्टिक. कांद्याच्या पोत्यावर बसलेले आजोबा. ज्यांची जागा मी रुमाल टाकून अडवली होती ते ह्या घराचे, त्या गलबताचे मालक! आणि बोकड. अरे देवा, तो दुसरा बोकड!

"ये… टूर नहीं है?"

"ये हमारा घर है," खमीस म्हणाला. "कालीन भाई के नए कमरे का. भाई की शादी है."

"तो आपने मुझे बोटमें चढने क्यों दिया?"

"आप चढ़ गए थे," खमीस म्हणाला.

 मी मान खाली घालून सगळं सांगितलं. पॅकेज, सावलीची जागा, रुमाल. "तो आप लोगोंको क्या लगा, मैं कौन हूँ?"

"आधा गाँव बोला, नया डॉक्टर साहब. आधा गाँव बोला, पानी के प्लांट का इंजीनियर." खमीसने बाहेर बोट दाखवलं. "वो जो जीभ दिखाने आया था, उसको अब फिक्र है. बोल रहा है, डॉक्टर को भी वही बीमारी है."

आजोबांना त्याने हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं.  मग त्यांची दाढी हलायला लागली. मग खांदे. मग ते असे हसले, असे हसले की डोक्याचं मुंडासं सुटून खांद्यावर आलं. बाहेरची पोरं आत आली, त्यांना सांगितलं, ती हसली. भिंतीपलीकडून बायकांचं हसू ऐकू आलं. डोळे पुसत आजोबा काहीतरी बोलले.

"वालिद बोलते हैं," खमीस म्हणाला, "इस घर में बहुत मेहमान आए. लेकिन गलती से इतना खाना किसीने नहीं खाया."

मी हात जोडले. मग मीही हसलो, दुसरं काय करणार? आजोबांनी मला मिठी मारली, अगदी घट्ट. आयुष्यात इतकी लाज आणि इतका आनंद मला एकदम कधी वाटला नव्हता.

खमीसने त्याची छोटी वेगवान बोट काढली. नीलिमा बाहेर आली ती दोन्ही हात मेंदीने रंगलेले, कानात कुणीतरी अडकवलेला मोगरा आणि काखेत सुक्या मासळीचं गाठोडं. दारातून सात-आठ बायका तिला निरोप देत होत्या. तिने आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या खमीसच्या मुलीला घातल्या होत्या. मी तिच्याकडे बघायचं टाळत बोटीत बसलो.

कुमझार मागे पडलं. इंजिनाच्या आवाजात तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "नीलू, चुकलं गं माझं. दहा वर्षांनी तुला एक दिवस द्यायचा होता आणि तोही मी घालवला. आपण चुकीच्या बोटीत बसलो होतो. ती टूर नव्हती."

"माहितीये," ती म्हणाली.

"आता कळलं ना तुला?"

"आता नाही. जेवताना. खमीसची मुलगी पाचवीत आहे, इंग्लिश येतं तिला थोडं. ती हळूच म्हणाली, आंटी, तुम्ही कोण आहात? आई म्हणते विचारायचं नाही. मग मी सगळं सांगून टाकलं त्यांना."

"म्हणजे… बायकांना दुपारपासून माहीत होतं?"

"हो. पोट धरधरून हसत होतो आम्ही. तुम्ही जीभ काढलीत ना, तेव्हा आम्ही सगळ्या पडद्याआडून बघत होतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? माफी मागत मला हाताला धरून उठवलं असतं आणि तसंच परत जेट्टीवर. बदरच्या रांगेत." तिने मेंदीचे हात वाऱ्यावर धरले. "दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बसवून वाढलं हो. माझे केस विंचरले. म्हणाल्या, तू झोप, आम्ही पाय चेपतो. मी का उठू?"

 खमीस पुढे बसून बोट हाकत होता आणि त्याचे खांदे हलत होते. त्याला मराठी येत नव्हती, पण नवरा-बायकोचं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं बहुतेक.

खसबच्या जेट्टीवर बदर उभा होता. चेहरा पांढराफटक. सोबत दोन पोलीस. सकाळपासून शोधत होता बिचारा. खमीसने त्याला सगळं सांगितलं आणि पोलिसांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग समुद्राकडे तोंड फिरवलं. हसताना दिसू नये म्हणून, बाकी काही नाही. आमच्यासाठी ताटकळलेल्या ग्रूपमधलं पुण्याचं एक जोडपं हॉटेलच्या दारात भेटलं. "आम्हाला एकही डॉल्फिन दिसला नाही," त्या बाई करवादल्या. "आणि जेवण फॉइलच्या डब्यात, गार! तुमचं काय झालं?"

"आमचं छान झालं," नीलिमा म्हणाली. कानातला मोगरा नीट केला आणि पुढे गेली.

रात्रीच्या जेवणाआधी बदर लॉबीत आला. कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रवाशाकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्यायचा असतो. मला तर त्याच्याकडे बघायचीही लाज वाटत होती, म्हणून मी बोट दुखतंय असं सांगून फॉर्म नीलिमाकडे सरकवला. तिने शांतपणे पेन घेतलं, पाच मिनिटांत फॉर्म भरला, घडी करून बदरला दिला. बदरने उघडून वाचला आणि मटकन खुर्चीत बसला.

"काय लिहिलंस?" मी विचारलं. तिने पेनाला टोपण लावलं. शेवटी बदरच्या हातातून मी फॉर्म ओढला.

गाइडचे नाव: समोर माझं नाव. परिसराची माहिती: शून्य. वेळेचं भान: गरजेपेक्षा जास्त. प्रवाशांचं ऐकून घेणे: कधीच नाही. आजचा दिवस एकंदर कसा गेला: लग्नानंतरचा सगळ्यात सुंदर.

आणि सगळ्यात खाली, 'पुढच्या सहलीलाही हाच गाइड हवा का?' असा प्रश्न होता. त्यापुढे तिने 'हो' वर टिक केली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: बदलून मिळत असल्यास कळवावे.